आकाशवाणी-दूरदर्शनवरचा खर्च : शेतकऱ्याच्या हिशेबाने



गेल्या खरिपात तुरीवरील एक मेळावा आटोपून आम्ही गावातल्या पारावर चहा घेत बसलो होतो. एक तरुण बागायतदार म्हणाला, "साहेब, आकाशवाणी अन् दूरदर्शन आता कोण ऐकतंय, कोण बघतंय? मोबाईलवर सगळं मिळतं. मग सरकार त्याच्यावर पैसा कशाला घालवतं?" शेजारी बसलेले त्याचे चुलते लगेच म्हणाले, "तुझ्या मोबाईलवर बोलणारा माणूस आपल्या तालुक्यातला आहे का, ते आधी बघ."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न अगदी रास्त आहे, कारण हा पैसा सरकारचा म्हटला तरी शेवटी आपल्या सर्वांचा आहे. तेव्हा एखाद्या पिकाचा जमाखर्च मांडावा तसा या खर्चाचाही मांडून पाहू.

आपण किती पैसे देतो?

पूर्वी हा खर्च डोळ्यांना दिसत असे. रेडिओ घेतला की पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि दूरदर्शन संचाला ५० रुपये असा दर बरीच वर्षे होता. परवान्याचे पुस्तक जपून ठेवावे लागे आणि तपासनीस आला तर दाखवावे लागे, हे वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात हे परवाने बंद झाले. लोकांची कटकट गेली हे चांगलेच झाले. मात्र आमच्या मते त्याबरोबर "हे आमच्या पैशावर चालते, आम्ही जाब विचारू" ही भावनाही गेली.

आता हा पैसा केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतो. १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला. तो १५ सप्टेंबर १९९७ रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला आकाशवाणी व दूरदर्शन या दोन्हींसाठी प्रसार भारती हे महामंडळ स्थापन झाले. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात प्रसार भारतीसाठी सुमारे २,८०० कोटी रुपयांची तरतूद होती. १४० कोटी लोकसंख्येने भागल्यास माणशी वर्षाला २० रुपये पडतात, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबामागे १०० रुपये. त्याशिवाय यंत्रसामग्री सुधारण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी सुमारे २,५४० कोटी रुपयांची वेगळी योजना मंजूर करण्यात आली. महामंडळाला जाहिरातींतूनही काही उत्पन्न मिळते.

इतर देशांत हा भार बराच जास्त आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी दर घराला एप्रिल २०२४ पासून वर्षाला १६९.५० पौंड द्यावे लागत होते. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ पासून घरटी ३३५ फ्रँक आकारले जाऊ लागले. तेव्हा आपल्याकडे रक्कम फार मोठी आहे अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार करायची तर ती रक्कम कशावर खर्च होते याबद्दल करावी. अनुदानातील फार मोठा वाटा पगारावर जातो. बैलजोडी बारा महिने पोसायची आणि पेरणीच्या वेळी मात्र औताला सामान नाही, अशातला हा प्रकार आहे. कार्यक्रमासाठी गावात जाऊन ध्वनिमुद्रण करायचे तर गाडी नाही, असे उत्तर आम्ही स्वतः अनेकदा ऐकले आहे.

पुणे परिसरातील १९५६ चा प्रयोग

शेतीसाठी रेडिओचा उपयोग होतो की नाही याची पद्धतशीर परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली होती, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० खेड्यांत शेतकरी श्रोतामंडळे स्थापन केली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस गावकरी असत. कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, संपल्यावर त्यावर चर्चा करायची, गावात काय करता येईल ते ठरवायचे आणि निमंत्रकाने चर्चेचा अहवाल व प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, अशी पद्धत होती. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी केले. तुलनेसाठी श्रोतामंडळे नसलेली गावेही निवडण्यात आली होती. त्यांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. श्रोतामंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसून आली. मंडळ नसलेल्या गावांत, अगदी तेथे रेडिओ असला तरी, फारसा फरक पडलेला नव्हता.

हा निष्कर्ष आपण नीट लक्षात घ्यावा. नुसता रेडिओ बसवल्याने शेतकऱ्याच्या माहितीत भर पडली नाही. ऐकणारा आणि बोलणारा यांच्यात देवघेव झाली तेव्हाच भर पडली. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. पण विस्तार वाढला तसा पाठपुरावा पातळ होत गेला, आणि बऱ्याच ठिकाणी मंडळाच्या नावाने फक्त कपाटात कुलूपबंद रेडिओ उरला.

बाजारात जे विकत मिळत नाही

१९६६ मध्ये आकाशवाणीच्या काही केंद्रांवर शेती व गृह विभाग सुरू झाले. अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा तो काळ होता. तमिळनाडूतील तंजावर भागात एडीटी-२७ या भाताच्या वाणाची माहिती तिरुचिरापल्ली केंद्रावरून इतकी पसरली की लोक त्या वाणाला 'रेडिओचा भात' म्हणू लागले. दिल्ली दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले, तेही प्रथम दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाची ओळख आपणास करून द्यायला नको.

आता आपण म्हणाल, तो काळ वेगळा होता. तेव्हा दुसरे साधन नव्हते. आज मोबाईलवर शेकडो चित्रफिती आहेत, व्हॉट्सअॅपवर तालुक्याचे गट आहेत, कंपन्यांचे प्रतिनिधी बांधावर येतात. हे सर्व खरे आहे आणि त्यातील काही माहिती उत्तमही असते. एखादा द्राक्ष बागायतदार स्वतःच्या बागेतील छाटणी दाखवतो तेव्हा आम्हीही शिकतो. परंतु त्या माहितीचे पैसे कोण देतो हे पाहावे. चित्रफीत फुकट दिसते. तिचा खर्च बहुधा जाहिरातदार किंवा उत्पादन विकणारा करतो. म्हणून "अमुक फवारा" हे सांगणारे पुष्कळ भेटतील. "या आठवड्यात फवारणीची गरजच नाही, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेली नाही" हे सांगण्यासाठी पैसे कोण देणार?

यवतमाळ जिल्ह्यातील २०१७ चा खरीप आठवा. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, तोंडाला रुमालसुद्धा नाही, अशी अनेक कारणे एकत्र आली. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, औषधे मनाने मिसळू नका, चक्कर आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा, या साध्या सूचना रोज सकाळ-संध्याकाळ शेतमजुराच्या कानावर पडणे आवश्यक होते. त्या सूचना देण्यात कोणाचाही धंदा नाही. शिवाय फवारणारा मजूर कोणत्याही शेतकरी गटाचा सदस्य नसतो आणि डाळिंब-द्राक्षाच्या महागड्या सल्लासेवेचा ग्राहक तर नसतोच. त्याच्यापर्यंत पोहोचणे हे सार्वजनिक प्रसारणाचे काम आहे. ते काम त्या वर्षी पुरेसे झाले असे आम्हांस म्हणता येत नाही, आणि त्यात आम्हा विस्तार कार्यकर्त्यांचाही दोष आहे.

दुसरे उदाहरण हवामानाचे. भारतीय हवामान खात्याचे शेतकऱ्यांसाठीचे खास वार्तापत्र १९४५ पासून आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. आज अंदाज मोबाईलवरही येतो. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावांना अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दोन सेलवर चालणारा आणि दूरच्या केंद्राची लहर पकडणारा रेडिओ हेच साधन उरते. अर्थात, ती लहर सोडणारे केंद्र चालू असले पाहिजे.

मनोऱ्यांचे काय होत आहे?

येथे थोडी तांत्रिक माहिती घेणे आवश्यक आहे, कारण आपला खरा तोटा येथे होण्याची शक्यता आहे.

आकाशवाणीची जुनी केंद्रे मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर चालत आली. या लहरी जमिनीलगत दूरवर जातात, त्यामुळे डोंगराआडच्या वाडीतही ऐकू येतात. शक्तिशाली प्रक्षेपक असेल तर दिवसासुद्धा शंभर-दीडशे किलोमीटरचा टापू एका केंद्राखाली येतो. मात्र या प्रक्षेपकांना वीज खूप लागते, जागा मोठी लागते, जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि घरातील विजेच्या उपकरणांमुळे खरखर होते. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, खर्च कमी येतो. पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. दहा किलोवॅटचा प्रक्षेपक सपाट प्रदेशात साधारण साठ-सत्तर किलोमीटर चालतो आणि मध्ये डोंगर आला की पलीकडे आवाज क्षीण होतो किंवा अजिबात पोहोचत नाही.

प्रसार भारतीचे धोरण मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून एफएम वाढविण्याचे आहे. सपाट भागासाठी ते योग्य आहे. परंतु सह्याद्रीचा उतार, सातपुड्यातील पाडे, मेळघाट अशा भागांत एका मोठ्या प्रक्षेपकाऐवजी अनेक लहान एफएम प्रक्षेपक बसवल्याशिवाय ही बदली बरोबरीची होणार नाही. विहीर बुजवायची असेल तर आधी नळाला पाणी आले पाहिजे. दूरदर्शनचे छतावरच्या अँटेनावर दिसणारे बहुतेक जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झालेच आहेत. त्यांच्या जागी छत्री व डबा एकदा विकत घेऊन मासिक शुल्काशिवाय दिसणारी डीडी फ्री डिश सेवा आहे. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि ग्रामीण भागात तिने चांगला जम बसवला आहे, हे मान्य केले पाहिजे.

मोबाईलमध्ये एफएम असेल तर इंटरनेटचा एक पैसाही खर्च न करता रेडिओ ऐकता येतो. हेडफोनची वायर हीच अँटेना होते. अलीकडे अनेक कंपन्या ही सोय बंद ठेवून मोबाईल विकू लागल्या. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांना ही सोय चालू ठेवण्याची सूचना केली. नवा मोबाईल घेताना दुकानदाराला एफएम आहे का, एवढे अवश्य विचारावे.

दोष कोणते?

येथपर्यंत वाचून आपणास वाटेल की आम्ही आकाशवाणीची वकिली करीत आहोत. तसे नाही. काही वर्षांपूर्वी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे केव्हा आणि कसे लावावेत यावर आमचे भाषण एका केंद्राने जुलैत ध्वनिमुद्रित केले. ते प्रसारित झाले दिवाळीनंतर, जेव्हा बोंडे किडून गेली होती. चौकशी केली तेव्हा "वेळापत्रकात जागा नव्हती" असे सांगण्यात आले. पीक वेळापत्रक पाहून वाढत नाही. वेळेवर न मिळालेला सल्ला आणि न मिळालेला सल्ला यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

दुसरा दोष भाषेचा. "उक्त किडीच्या नियंत्रणार्थ" असे आम्ही शास्त्रज्ञ बोलतो आणि निवेदक ते तसेच जाऊ देतात. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. प्रसार भारती कायद्याने स्वायत्त आहे, पण पैसा मंत्रालयामार्फत येतो, आणि त्याची छाया बातम्यांवर पडते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली. निर्णयाची बातमी तत्परतेने ऐकू येते. परंतु त्या निर्णयाने नाशिक-नगरच्या उत्पादकाचे काय झाले हे त्याच्याच तोंडून ऐकविणारा आणि अधिकाऱ्याला त्याच्यासमोर प्रश्न विचारणारा कार्यक्रम विरळा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला होता. गायरान जसे गावाचे, सरपंचाचे नव्हे, तसेच हे आहे.

चौथा दोष सर्व काही दिल्लीत एकवटण्याचा. २६ मे २०१५ रोजी डीडी किसान वाहिनी सुरू झाली. मे २०२४ पासून त्यावर 'कृष' आणि 'भूमी' असे दोन यांत्रिक निवेदक आणण्यात आले असून ते पन्नास भाषा बोलू शकतात असे सांगितले गेले. कौतुक जरूर करावे. पण आपल्या मंडळात पाऊस किती पडला, वाफसा आला का, मूग पेरावा की सोयाबीनची वाट पाहावी, हे पन्नास भाषा येणाऱ्या यंत्राला कोणीतरी येथूनच सांगावे लागेल. पंजाबचा गहू आणि आपली कोरडवाहू ज्वारी एका सल्ल्यात बसत नाहीत. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी विरोध केल्यावर तो थांबला. बोलल्याने फरक पडतो तो असा.

मग पैसा द्यावा की नाही?

ग्रीस देशाने ११ जून २०१३ रोजी खर्च वाचविण्यासाठी आपली सरकारी प्रसारण संस्था ईआरटी एका रात्रीत बंद केली. दोन वर्षांनी, ११ जून २०१५ रोजी, तीच पुन्हा सुरू करावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१८ मध्ये प्रसारण शुल्क रद्द करावे का यावर थेट लोकांचे मत घेण्यात आले. तेथे ते शुल्क आपल्या तुलनेने कितीतरी जड असूनही ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. तीन-चार भाषांच्या त्या लहान देशात डोंगरातल्या छोट्या भाषिक गटासाठी खासगी वाहिनी चालणार नाही, हाही त्या चर्चेतला एक मुद्दा होता.

आमचे मत असे आहे की माणशी २० रुपये हा खर्च करण्याजोगा आहे, परंतु तो जिल्ह्याच्या केंद्रासाठी. करमणुकीच्या मालिका, चित्रपटगीते, दिल्लीचे समारंभ यांसाठी आता दुसरी साधने भरपूर आहेत. त्यांवर सार्वजनिक पैसा कमी झाला तरी शेतकऱ्याचे काही अडणार नाही. मात्र स्थानिक केंद्रावरचा शेती विभाग, त्याचा कार्यक्रम अधिकारी, गावात जाणारी गाडी आणि डोंगराआड पोहोचणारा प्रक्षेपक यांतले काहीही कमी झाले तर त्याची भरपाई बाजार करणार नाही. पारावरच्या त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. त्याचे पुरते समाधान झाले असे नाही. "मग कार्यक्रम तसे करा," असे तो म्हणाला, आणि ते योग्यच होते.

आपण काय करू शकता?

केंद्राच्या शेती विभागाला आजही पत्रे हवी असतात. ऐकणाऱ्यांची पत्रे आली तर कार्यक्रम अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे काही मागता येते. पत्र आले नाही की "या कार्यक्रमाला श्रोते नाहीत" असा शेरा पडतो. पत्र साध्या पोस्टकार्डावर चालते. त्यात गाव व तालुका, पिकाचे नाव व वाण, पेरणीची तारीख, जमीन हलकी की भारी, पाण्याची सोय आणि दिसणारी लक्षणे लिहावीत. "कपाशीवर रोग पडला, उपाय सांगा" एवढेच लिहिल्यास आम्हालाही उत्तर देता येत नाही. पाने वरून लाल झाली की खालून, झाडे एका ओळीतली वाळली की मधली मधली, कोणती फवारणी किती दिवसांपूर्वी झाली, हे कळले तर निम्मे निदान तेथेच होते.

कार्यक्रम उशिरा लागला, चुकीच्या वेळी लागला किंवा आपल्या गावात केंद्र ऐकू येईनासे झाले, तर तेही दिनांक व वेळ घालून कळवावे. पाच-सात जणांनी मिळून एकत्र ऐकण्याची पद्धत आजही करून पाहण्यासारखी आहे. दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी माणसे जमतातच. तेथे एखाद्याने मोबाईलवर एफएम लावून मोठ्याने ऐकवले आणि निघालेले प्रश्न वहीत लिहून महिन्यातून एकदा केंद्राकडे व एक प्रत आमच्या विस्तार शिक्षण विभागाकडे पाठविली तरी पुरे. खरिपाच्या प्रश्नांची वही मृगापूर्वी सुरू करावी, म्हणजे उत्तरे वेळेत देता येतील.